साखरपुडा सांगितला, बिलही सांगितलं

फेब्रुवारीतला पहिला रविवार, संध्याकाळ. बिबवेवाडी, आमच्या इमारतीचा दुसरा मजला, थोरल्या जाऊबाईंची बाहेरची खोली. हजर: जाऊबाई, म्हणजे आमच्या वहिनी, त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, माझा नवरा, मी. विषय: पुतणीच्या साखरपुड्याला कुणाकुणाला बोलवायचं. न बोलावता हजर, फोनवरून: वसुलीवाला.

मला असं लिहून ठेवायची सवय आहे. बैठक ऑफिसातली असो की घरातली, मी आधी कोण आलं ते लिहिते आणि मग काय ठरलं ते. घरातले हसतात, पण गॅसचं कार्ड सापडेनासं झालं की माझ्याकडेच येतात. त्या संध्याकाळी जे ठरलं ते मात्र मी लिहिलं नाही, कारण ते मला पटलं नव्हतं. आता पटलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

फोन माझ्या मोबाइलवर आला. पलीकडचा माणूस तरुण असावा. त्याने वहिनींचं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, "यांना ओळखता का?"

"ओळखते. का?"

"यांचं इंटरनेटचं जुनं बिल थकलंय. दुसरा नंबर म्हणून तुमचा दिलाय. केस आता आमच्याकडे वसुलीला आलीय. त्यांना सांगा, भरून टाका. नाहीतर आम्हाला बिल्डिंगमध्ये यावं लागेल. मग चार लोकांत चर्चा होते, तेव्हा आम्हाला बोलायचं नाही."

वहिनी समोर बसून एका ब्लाउजला हुक लावत होत्या. मी फोन स्पीकरवर टाकला. त्यांनी दोरा दाताने तोडला आणि हात पुढे केला.

"बोला. मीच ती."

"मॅडम, साडेसात हजार होतात. आज भरले तर निम्म्यात मिटवतो."

"निम्म्यात का?"

"सूट आहे मॅडम. आजच्या दिवस."

"माझं देणं असेल तर पूर्ण घ्या. नसेल तर निम्मं तरी का देऊ?"

मग त्याने ठेवणीतलं काढलं. "मॅडम, घरात काही कार्य असतं, पाहुणे असतात. अशा वेळी आम्ही दारात उभे राहिलो तर बरं दिसत नाही."

हे त्याने अंदाजाने टाकलं होतं. त्याला आमच्याकडचं काही माहीत असायचं कारण नव्हतं. पण पुतणीचा चेहरा उतरला.

"या की," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात मुलीचा साखरपुडा आहे. पत्ता तुमच्याकडे आहेच. जेवूनच जा."

फोन त्यानेच ठेवला.

बिलाची हकिगत अशी. लॉकडाउनमध्ये पुतणीचं कॉलेज घरात आलं, तेव्हा वहिनींनी इंटरनेट घेतलं. माझे थोरले दीर त्याच्या आदल्या वर्षी गेले होते आणि घर वहिनींच्या शिवणावर चालत होतं. अर्जावर दुसरा नंबर माझा लिहिला, कारण फोन उचलणारी आणि निरोप न विसरणारी अशी घरात मीच. पुढे त्या कंपनीचं इंटरनेट सारखं बंद पडायला लागलं, म्हणून वहिनींनी ते सोडून दुसरं घेतलं. रीतसर फोन करून सोडलं. मोडेम न्यायला कंपनीचा माणूस आला. वहिनींनी मोडेम पुसला, वायर गुंडाळली, उरलेल्या कापडाच्या एका पिशवीत दोन्ही घातलं आणि पिशवी त्याच्या हातात दिली. त्यांच्या घरातून कुठलीही वस्तू उघडी बाहेर पडत नाही. तो पाणी प्यायला, पिशवी स्कूटरच्या हँडलला अडकवली आणि गेला. पावती त्याने दिली नाही, वहिनींनी मागितली नाही.

शेवटच्या सव्वा महिन्याचे पैसे तेवढे राहिले होते. ते भरायला वहिनी स्वारगेटजवळच्या कंपनीच्या दुकानात गेल्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, खातं बंद दिसतंय, पैसे घेता येत नाहीत. वहिनी पुन्हा एकदा गेल्या, पुन्हा तेच उत्तर. मग ते दुकानच तिथून उठलं.

म्हणजे त्या साडेसात हजारांतले अकराशेच्या आसपास खरोखर वहिनींचं देणं होतं. बाकी सगळं होतं मोडेमची किंमत, मोडेम परत आला नाही म्हणून खातं चालू धरून लावलेलं भाडं आणि त्या भाड्यावरचा दंड. पैसे घ्यायच्या वेळी बंद असलेलं खातं पैसे लावायच्या वेळी चालू होतं.

माझं मत मी लगेच मांडलं. "वहिनी, निम्मे भरून टाकू. डोक्याला ताप नको. कार्य आहे घरात."

"मी भरतो," माझा नवरा म्हणाला. "वहिनी, तुम्ही लक्षसुद्धा देऊ नका."

"भाऊजी, तुम्ही का भरणार? तुमच्याकडे होता का मोडेम?"

"तसं नाही, पण..."

"मग बसा."

पुतणी म्हणाली, "आई, शनिवार पेठेत कळलं तर?"

खरा प्रश्न तोच होता. मुलाच्या वडिलांचं शनिवार पेठेत वह्या-कागदाचं दुकान आहे. बोलणी करायला ते घरी आले होते तेव्हा चहा होईपर्यंत त्यांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली होती: सख्ख्या मामेभावाशी त्यांनी बोलणं कसं टाकलं. मामेभावाने शाळांना पुरवायच्या मालाचे पैसे बुडवले होते. "गरीब चालेल, थकबाकीदार चालणार नाही," असं ते म्हणाले होते. आमच्याकडे बघून नव्हे, सहज. पण ते वाक्य पुतणीच्या मनात बसलं होतं. तिला मुलगा मनापासून आवडला होता. कुणी दाखवलेला नव्हता तो, तिने स्वतः निवडलेला होता. आणि त्याचे वडील नाही म्हणाले तर तो त्यांच्याविरुद्ध जाईल, असा भरवसा तिला वाटत नव्हता.

वहिनींनी ब्लाउज घडी करून बाजूला ठेवला.

"लोकांना कळेल," त्या म्हणाल्या. "त्या फोनवाल्याकडे एवढं एकच आहे. दुसरं काही नाही. ते आपण त्याच्याकडून काढून घेऊ."

"ते कसं?" मी विचारलं.

"आपण आमंत्रणाला निघणारच आहोत ना? साखरपुडा सांगू, बिलही सांगू."

नवरा म्हणाला, "वहिनी, हळदीकुंकू आहे का ते?" वहिनी म्हणाल्या, "त्यापेक्षा सोपं. वाण लागत नाही."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आल्यावर यादी केली. इमारतीतली घरं, शिवणाची जुनी गिऱ्हाइकं, माझी नणंद. नावांपुढे दोन रकाने: 'साखरपुडा सांगितला', 'बिल सांगितलं'. अशी यादी मी जन्मात केली नव्हती. साखरपुड्याला अजून अवकाश होता आणि इतक्या लवकर कुणी आमंत्रणाला बाहेर पडत नाही, पण आम्हाला वसुलीवाल्याच्या आधी पोचायचं होतं.

निघताना वहिनींनी कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला. "तू लाव. मला काही वाटत नाही, पण समोरच्या बाईला उगीच अवघड व्हायला नको."

जिन्यात मी त्यावर विचार करत होते. बिल थकलंय हे दारोदार सांगायला निघालेली बाई, आणि तिला काळजी कशाची, तर विधवेने कुंकू लावलं म्हणून दुसरी कुणी अवघडेल याची. त्यांचा हिशेब असाच असतो. स्वतःच्या लाजेला त्या फार जागा देत नाहीत, दुसऱ्याच्या संकोचाला देतात.

पहिलं दार तळमजल्यावरचं. तिथल्या बाईंकडे सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गच्चीवर पोचते. मला त्यांच्याकडे सगळ्यांत शेवटी जायचं होतं. वहिनी म्हणाल्या, "हिच्याकडे आधी. पुढचे जिने वाचतील."

मी कुंकू लावलं. वहिनींनी एका दमात सांगितलं. "पुढच्या महिन्यात लेकीचा साखरपुडा आहे, सगळ्यांनी यायचं. आणि माझं एक इंटरनेटचं बिल थकलंय म्हणून वसुलीवाले फोन करतायत. गेटवरच्या फलकावर कमिटीचे नंबर आहेत, तुमच्या ह्यांचाही आहे, तेव्हा तुम्हालाही येईल. घाबरू नका. विचारलं तर सांगा, दुसऱ्या मजल्यावर राहते, घरीच असते. दुपारी शिवणाचा क्लास असतो, तेवढा सोडून कधीही या म्हणावं."

बाईंना आधी कशाबद्दल बोलावं ते कळेना. "मुलगा काय करतो?" असं विचारता विचारता त्यांनी "किती गं?" असं विचारलं.

"कशाचं? बिलाचं? साडेसात हजार म्हणतात. त्यातले अकराशे माझे."

"आणि बाकीचे?"

"तेच त्यांना विचारतेय."

त्यांनी दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या ह्यांचंही एक आहे. मोबाइलचं. मी कुणाला बोलले नव्हते."

हे मला नवीन होतं. पण पुढच्या चार-पाच घरांत जवळपास तेच घडलं. एकीच्या मुलाचं कार्डाचं होतं, एकीचं बंद पडलेल्या जिमचं. वहिनींनी आपलं सांगितलं की समोरची आपलं सांगायची आणि मग दोघी साखरपुड्याच्या साड्यांबद्दल बोलायच्या. यादीत तिसरा रकाना करावा की काय असं माझ्या मनात येऊन गेलं. केला नाही. तो आमचा विषय नव्हता.

तिसऱ्या मजल्यावर सोसायटीचे खजिनदार राहतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, एकटेच, मोबाइल न वापरणारे. फलकावर त्यांचा घरचा नंबर आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साखरपुड्याला येतो. आणि त्यांचा फोन येऊ दे, वाटच बघतो."

फोन आले. आठवड्याभरात वसुलीवाल्याने खरोखरच फलकावरचे नंबर फिरवले. तळमजल्यावरच्या बाईंनी जिन्यात गाठून मला साग्रसंगीत सांगितलं. तो म्हणाला, तुमच्या शेजारणीचं बिल थकलंय, माहिती आहे का? त्या म्हणाल्या, "माहिती आहे. अकराशे तिचे, बाकीचे तुमचे. तुम्ही कधी भरताय?"

खजिनदारांनी तर त्याला बसवूनच घेतलं असावं. ते मला म्हणाले, "मी विचारलं, वसुलीचं अधिकारपत्र आहे का? म्हणाला, फोनवर कसं दाखवू. मी म्हटलं, म्हणजे हा फोन तुम्ही गप्पा मारायला केलाय. मला वेळ आहे, बोला. कुठले तुम्ही? जेवण झालं का?" त्याने पुन्हा फोन केला तेव्हा आवाज ओळखून लगेच ठेवला, याचं त्यांना वाईट वाटलं होतं.

इथपर्यंत मला मजा वाटायला लागली होती. पण शनिवार पेठेचं नाव यादीत वहिनींनी स्वतःच्या हाताने लिहिलं तेव्हा मी अडवलं.

"वहिनी, शेजाऱ्यांचं वेगळं. तिथे कशाला? त्यांना कोण सांगणार आहे?"

"मी."

"पण का?"

"अगं, तिथेच तर सांगायचंय. बाकीची तालीम होती."

पुतणी म्हणाली, मी येणार नाही. वहिनी म्हणाल्या, तू यायचंच नाहीस, बिल माझं आहे.

आम्ही गेलो तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. ते गेल्यावर मुलाच्या वडिलांनी आम्हाला मागच्या खोलीत बसवलं. विहीणबाई चहा टाकायला आत वळल्या, आणि वहिनींनी तेवढ्यात सुरुवातही केली. चहाची वाट बघितली नाही. नंतर मला म्हणाल्या, चहा पिऊन मग सांगितलं असतं तर त्यांच्या चहाचा फायदा घेतल्यासारखं झालं असतं.

मुलाच्या वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवून सगळं ऐकलं.

"म्हणजे थकबाकी आहे."

"अकराशेची आहे. साडेसात हजारांची नाही."

"केव्हापासून?"

"तीन वर्षं होत आली."

"अकराशे रुपये तीन वर्षं राहिले?"

"दोनदा द्यायला गेले, घेतले नाहीत. तिसऱ्यांदा गेले नाही."

"जायला हवं होतं."

"हो. जायला हवं होतं."

"मोडेम दिल्याची पावती?"

"घेतली नाही."

"शिवायला आलेल्या कापडाची पावती तुम्ही गिऱ्हाइकाला देता की नाही?"

"देते."

"मग?"

"मग काय. चुकलं."

मी तोंड उघडणार होते. दुकानातल्या काउंटरवरचं चुकीचं उत्तर, कंपनीचा गोंधळ, सगळं माझ्याकडे तारीखवार होतं. वहिनींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

आतून विहीणबाईंचा आवाज आला. "अहो, सून आणायचीय की उलटतपासणी घ्यायचीय?" मग ट्रे घेऊन बाहेर येत त्या आम्हाला म्हणाल्या, "ह्यांचं असंच आहे. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांना विचारलं होतं, वाण्याचं किती देणं आहे."

"किती होतं?" वहिनींनी विचारलं.

"होतं थोडं. वडिलांनी नाही म्हणून सांगितलं."

मुलाचे वडील चहा ढवळत राहिले. हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं की आधीपासून माहीत होतं, ते मला सांगता येणार नाही. ते म्हणाले, "तुम्ही आपणहून आलात, हे ठीक केलंत. पण मिटवा. हे मिटेपर्यंत हॉलचे पैसे भरू नका. मीही भरत नाही."

परत येताना रिक्षात मी चिडले होते. म्हटलं, अकराशे रुपयांवरून मुलीचं लग्न अडवतात, काय माणसं आहेत. वहिनी बाहेर बघत म्हणाल्या, "ते बरोबर बोलले. त्यांच्या जागी मी असते तर मीही थांबले असते."

पुतणीला ते बरोबर वाटलं नाही. ती आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुला काय सिद्ध करायचंय? माझ्या लग्नापेक्षा तुझे पाच-सहा हजार मोठे आहेत का? काका भरतो म्हणतोय. भर आणि मोकळी हो ना."

मलाही तेच म्हणायचं होतं. ती म्हणाली म्हणून मी म्हटलं नाही एवढंच.

वहिनींनी तिला समोर बसायला सांगितलं. मग म्हणाल्या, "आज मी सगळे भरले तर त्याचा अर्थ एवढाच की सगळे माझ्याकडे होते. तू त्या घरात जाणार. उद्या कधी भांडण झालं, शब्दाला शब्द लागला, तर तुला ऐकावं लागेल की तुझ्या आईने बुडवलेले पैसे लग्न अडलं तेव्हा काढून दिले. ते खरं नाहीये. खोटं तुझ्याबरोबर पाठवायचं नाही मला."

पुतणी आत निघून गेली. त्या दिवशी ती आईशी बोलली नाही, पण हॉलवाल्याला तिने स्वतःच फोन करून तारीख धरून ठेवायला सांगितली.

मध्यंतरी टपालाने नोटीस आली होती: लोकअदालतीत हजर राहा. बिल, कर, गाड्यांचे दंड अशी प्रकरणं खटला उभा राहण्याआधी समोरासमोर बसून मिटवायची ही सोय. मार्चमधल्या एका शनिवारी मी आणि वहिनी शिवाजीनगरच्या कोर्टात गेलो. आवारात जत्रेइतकी माणसं. व्हरांड्यात टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलाशी रांग. लोक येत होते, निम्मे भरत होते आणि सुटल्यासारखे निघून जात होते. मी फाइल घेऊन गेले होते, खुणेच्या चिठ्ठ्या लावलेली. वहिनींनी पर्स आणि पाण्याची बाटली घेतली होती.

आमच्या टेबलावर एक निवृत्त न्यायाधीश आणि एक वकीलबाई होत्या. समोर कंपनीचा प्रतिनिधी लॅपटॉप उघडून बसला होता.

"बाई, हे निम्म्यात मिटवताहेत," न्यायाधीश म्हणाले. "चांगली सूट आहे."

"साहेब, मला सूट नको. माझं देणं पूर्ण घ्या, आणि जे माझं नाही ते काढून टाका."

न्यायाधीशांनी मान वर केली. सकाळपासून असं कुणी बोललं नसावं.

"मोडेम परत केला याला पुरावा?"

"नाही."

"मग आम्ही कसं मानायचं?"

"मानू नका. मोडेमचे पैसे लावा मला. पावती घेतली नाही, ती चूक माझी, ते मी भरते. पण मोडेम नेल्यानंतरच्या महिन्यांचं भाडं कसं लावलंय? त्या महिन्यांत मी इंटरनेट किती वापरलं, ते यांच्याकडे असेल ना. बघा म्हणावं."

फाइलमधला कंपनीशी झालेला माझा सगळा पत्रव्यवहार तसाच राहिला. हा प्रश्न मला सुचला नव्हता.

प्रतिनिधीने लॅपटॉपवर बोटं चालवली आणि म्हणाला, "शून्य."

"एकाही दिवशी नाही?" वकीलबाईंनी विचारलं.

"नाही मॅडम."

"घरात कॉलेजला जाणारी मुलगी, घरात मोडेम," न्यायाधीश म्हणाले, "आणि वर्षभर कुणी तो लावून बघितला नाही. असं घर कुठे आहे ते मला बघायचंय."

"बिबवेवाडीत नाही साहेब," वहिनी म्हणाल्या.

प्रतिनिधीच्या लॅपटॉपमध्ये निम्मे घेण्याची सोय होती, अमुकच घेण्याची नव्हती. त्याने वरच्या साहेबाला फोन लावला, त्या साहेबाने त्याच्या वरच्याला. आम्ही बाकावर बसून राहिलो. वहिनींनी शेजारच्या बाईचं गाडीच्या दंडाचं प्रकरण समजून घेतलं आणि तिच्या ब्लाउजची बाही कुठे ओढतेय तेही तिला सांगितलं. अखेर वरून होकार आला. सव्वा महिन्याचे पैसे आणि मोडेमची किंमत, बाकी रद्द. सही करण्याआधी वहिनींनी कशाचे किती ते ओळीने लिहून घेतलं. लिहिणारा कंटाळला होता. त्या म्हणाल्या, "दादा, मला हे एके ठिकाणी वाचायला द्यायचंय, नीट अक्षरात लिहा."

मला आकडे सोडवत नाहीत, म्हणून तिथेच मनात वजाबाकी केली. निम्मे भरले असते त्यापेक्षा हजारभर रुपये वाचले होते. रिक्षाचं भाडं आणि माझी अर्ध्या दिवसाची रजा धरली तर तेही नाही. पण ही वजाबाकी मी वहिनींना बोलून दाखवली नाही. मला त्या दिवशी त्यांच्याकडे बघून एक गोष्ट समजली. मी कामं संपवते. एखादं काम यादीतून गेलं की मला बरं वाटतं, मग ते कसं का गेलं असेना. वहिनी काम संपवत नाहीत, ते सरळ करतात, मग ते आपोआप संपतं. मोडेमचे पैसे द्यायला त्यांनी एवढीही खळखळ केली नाही आणि दंडाचा एक रुपयाही सोडला नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकाच सुरात केल्या. मला हे जमलं नसतं. माझा एकतर आवाज चढला असता किंवा मी पाकीट उघडलं असतं.

कोर्टातून आम्ही घरी न जाता शनिवार पेठेत गेलो. मुलाच्या वडिलांनी कागद दुकानातच उभ्याने वाचला, मग चष्मा नीट करून पुन्हा वाचला.

"मोडेमचे का भरलेत?"

"पावती नव्हती."

"हं."

मग त्यांनी मागे वळून आवाज दिला, "अहो, त्या हॉलवाल्याचा नंबर कुठे आहे? आणि यांना काहीतरी खायला द्या, सकाळपासून कोर्टात होत्या." विहीणबाई पडद्याआडून म्हणाल्या, "नंबर काल रात्रीच काढून ठेवलाय. तुमच्या टेबलावर, तुमच्या नाकासमोर."

साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. पुतणी आईशी बोलते. कशी, कधीपासून, ते मला माहीत नाही, मी त्या वेळी स्वयंपाकघरात ताटं मोजत होते. वसुलीवाल्याचा फोन मधूनमधून अजून येतो. त्याच्याकडे अजून बाकी दाखवतंय. कंपनीला मी दोन मेल केलेत.

त्यानंतरच्या रविवारी वहिनी म्हणाल्या, "यादी काढ. ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्यांना मिटल्याचंही सांगायला हवं. अर्धवट बातमी लोकांच्या घरात ठेवून चालत नाही."

पेढ्यांचा डबा घेऊन आम्ही पुन्हा फिरलो. या वेळी करंड्याची गरज नव्हती. तळमजल्यावरच्या बाईंनी किती भरले, का भरले, कोणापुढे भरले, सगळं विचारून घेतलं आणि मग त्यांच्या ह्यांचं मोबाइलचं बिल माझ्यापुढे ठेवलं. ते माझ्या यादीत आता आलंय.

राहिलेत फक्त तिसऱ्या मजल्यावरचे खजिनदार. साखरपुड्याला आले होते, पण त्या गर्दीत नीट बोलणं झालं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते लेकीकडे नाशिकला गेले. मी म्हटलं, लेकीच्या फोनवर सांगू. वहिनी नको म्हणाल्या. "ते माझ्यासाठी भांडलेत. त्यांना जिना चढूनच सांगायचं."

म्हणून रोज ऑफिसातून आल्यावर मी एक मजला जास्त चढते आणि बघून येते. आजही दाराला कुलूप आहे. त्यांचे पेढे एव्हाना आम्हीच संपवलेत, ते पुन्हा आणायचे आहेत.